पत्ता ठाऊक असलेले गुन्हेगार

लिबियाचा विषय निघाला की 'तिथे अराजक आहे' एवढे बोलून माणसे पुढे जातात. हुकूमशहा गद्दाफी मेला, सरकार कोसळले, हत्यारबंद टोळ्या मोकाट सुटल्या, मग व्हायचे ते झाले. ऐकायला हे पटते, कारण त्यात थोडे खरेही आहे. पण या मांडणीमुळे मेलेल्यांचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही. वादळात घर पडले तर फिर्याद कोणाच्या नावाने लिहायची? लिबियातल्या बळींचे तसेच करून टाकले गेले आहे.

मला हे मान्य नाही. २०११पासून त्या देशात नागरिकांवर आणि स्थलांतरितांवर जे अत्याचार झाले, त्यांतले कित्येक भीषण अत्याचार सरकारी पगार घेणाऱ्यांनी, तुरुंगांचे अधिकारी म्हणून मिरवणाऱ्यांनी, तटरक्षक दलाच्या बोटी चालवणाऱ्यांनी केले. त्यांची नावे संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत आहेत. त्यांचे तुरुंग नकाशावर दाखवता येतात. त्यांना पैसा, बोटी आणि शस्त्रे कोणी पुरवली, हेही लपलेले नाही. तरीही हे सारे वर्षानुवर्षे चालते, कारण ते अनेकांच्या सोयीचे आहे.

२ जुलै २०१९ची रात्र पाहा. राजधानी त्रिपोलीच्या पूर्वेला ताजूरा नावाचे उपनगर आहे. तिथे स्थलांतरितांना डांबून ठेवण्याचे एक सरकारी केंद्र होते. आत सहाशेच्या आसपास माणसे होती. हे केंद्र 'दमान' नावाच्या सशस्त्र गटाच्या आवारात होते आणि तो गट संयुक्त राष्ट्रांची मान्यता असलेल्या त्रिपोली सरकारच्या बाजूने लढत होता. म्हणजे एकीकडे लढवय्यांच्या गाड्या आणि हत्यारे, आणि हाकेच्या अंतरावर बाहेरून कडी लावलेल्या कोठड्यांत कोंडलेली परदेशी माणसे. तीन महिन्यांपूर्वी, ४ एप्रिलला, पूर्व लिबियाचे सेनानी खलिफा हफ्तार यांनी त्रिपोलीवर चढाई सुरू केली होती. मे महिन्यात या आवाराजवळ एकदा बॉम्ब पडूनही गेला होता. केंद्र नेमके कुठे आहे आणि आत नागरिक आहेत, हे संयुक्त राष्ट्रांनी लढणाऱ्या पक्षांना कळवून ठेवले होते.

त्या रात्री पहिला बॉम्ब गाड्यांच्या शेडवर पडला. तिथे कोणी नव्हते. कोंडलेली माणसे जिवाच्या भीतीने बाहेर पडू लागली, तेव्हा पहारेकऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांना सांगण्यात आले. काही मिनिटांनी दुसरा बॉम्ब पडला, तो थेट कोठडीवर. किमान ५३ माणसे मेली. ती लिबियाच्या भांडणात कोणाच्याच बाजूची नव्हती. त्यांना युरोप गाठायचा होता किंवा कुठेतरी मजुरी मिळवायची होती.

या एका रात्रीत किती जणांचे हात गुंतले आहेत ते मोजून पाहा. बॉम्ब टाकणाऱ्याला खाली कोण आहे हे माहीत असायला हवे होते, ते कळवलेलेच होते. ज्या सरकारने नागरिकांना हत्यारांच्या शेजारी डांबले, त्याने त्यांची ढाल केली, मग तसा हेतू असो वा नसो. पहारेकऱ्यांनी पळणाऱ्यांची वाट अडवली. आणि ही माणसे मुळात तिथे आली कुठून? अशा केंद्रांत भरती होणाऱ्यांतले बरेच जण भूमध्य समुद्रात अडवून परत आणलेले असतात, तेही इटलीने दिलेल्या बोटींतून आणि युरोपीय संघाच्या पैशावर प्रशिक्षण घेतलेल्या माणसांकडून. हे सगळे ज्याला अराजक वाटते, त्याने साखळीतली एकेक कडी नीट पाहिलेली नाही.

युद्धाच्या कायद्यात याबाबत संदिग्धता नाही. १९४९च्या चारही जिनिव्हा करारांत तिसरे कलम एकसारखे आहे आणि ते मुद्दाम देशांतर्गत युद्धांसाठी लिहिलेले आहे. जो लढत नाही त्याला माणुसकीने वागवा. वंश, रंग, धर्म, जन्म यांवरून भेद करू नका. खून, छळ, ओलीस ठेवणे, अपमानास्पद वागणूक कायम निषिद्ध. हे कलम सरकारला लागू आहे तसे बंडखोरांनाही आहे. त्यात कुठेही 'आपल्या देशाच्या नागरिकाला' असे म्हटलेले नाही. परवान्याविना देशात आलेला नायजेरियन मजूर या कलमापुढे त्रिपोलीतल्या शिक्षकाइतकाच नागरिक आहे.

प्रत्यक्षात मात्र यादवीत पहिला प्रश्न असतो, तू कोणाचा? शहर कुठले, टोळी कुठली, बाप कोणाच्या बाजूने होता? ज्याला या प्रश्नाचे उत्तर आहे, तो मारला गेला तर त्याच्यामागे सूड घेणारे किंवा निदान रडणारे तरी असतात. स्थलांतरिताला तिथे उत्तरच नसते. तो कोणाचाच नसतो, म्हणून तो कोणाच्याही मालकीचा होऊ शकतो.

२०११च्या फेब्रुवारीत उठाव झाला तेव्हाच हे दिसले होते. तेलाच्या पैशावर चालणाऱ्या लिबियात त्या वेळी लाखो परदेशी मजूर होते: इजिप्तचे, चाडचे, नायजरचे, सुदानचे, बांगलादेशचे, फिलिपिन्सचे. भारताचे सुमारे १८ हजार लोक होते आणि भारत सरकारने विमाने व जहाजे पाठवून त्यांतल्या बहुतेकांना बाहेर काढले. चीनने ३५ हजारांवर माणसे नेली. ज्यांच्या देशाकडे पाठवायला जहाज होते ते आधी सुटले. बाकीचे डोक्यावर गाठोडी घेऊन ट्युनिशिया आणि इजिप्तच्या सीमांवर थांबले, आणि ज्यांना तिथवरही पोचता आले नाही ते आत अडकले. त्याच दिवसांत गद्दाफीने आफ्रिकेतून भाडोत्री सैनिक आणले आहेत अशी आवई उठली. तिला थोडा आधार असेलही. पण तिचा परिणाम असा झाला की काळ्या कातडीचा प्रत्येक माणूस संशयित ठरला. मजूर रस्त्यात पकडले गेले, मारले गेले, कोंडले गेले.

आणि हा द्वेष परक्यांपुरता थांबला नाही. मिसराता शहराच्या दक्षिणेला तावर्गा नावाचे गाव आहे. तिथले लोक लिबियाचेच नागरिक, पण बहुतेक काळ्या वर्णाचे. मिसरात्याला गद्दाफीच्या फौजेने महिनोन् महिने वेढा घातला होता आणि तो वेढा अत्यंत क्रूर होता. त्या फौजेत तावर्ग्याची माणसे होती, त्यांनी बलात्कार केले, असा मिसराताकरांचा आरोप होता. ऑगस्ट २०११मध्ये मिसरात्याच्या लढवय्यांनी तावर्गा घेतले आणि सुमारे ४० हजारांची वस्ती एकगठ्ठा रिकामी केली. घरे जाळली, पाडली. लोक त्रिपोलीत, बेंगाझीत, रिकाम्या बांधकाम छावण्यांत वर्षानुवर्षे राहिले. तिथेही त्यांच्यावर धाडी पडल्या. फेब्रुवारी २०१८मध्ये सरकारने परत जायला परवानगी दिली, कुटुंबे सामान बांधून निघाली, तर मिसरात्याच्या गटांनी त्यांना वाटेतच अडवले आणि ती वाळवंटात तंबू ठोकून बसली. कोणा एकाने गुन्हा केला असेल तर त्याच्यावर खटला भरायचा असतो. ४० हजार लोकांचे गाव पुसून टाकणे ही सामूहिक शिक्षा आहे, आणि तिच्यामागे कातडीचा रंग होता हे बोलून दाखवायला आपण कचरता कामा नये.

म्हणूनच मला नागरिक आणि स्थलांतरित यांचे प्रश्न वेगवेगळे वाटत नाहीत. तावर्ग्याच्या माणसाला 'भाडोत्री' म्हणणारी जीभ आणि घानाच्या मजुराला 'भाडोत्री' म्हणणारी जीभ एकच होती. पुढे तुरुंगही एकच झाले. त्रिपोलीच्या मिटिगा विमानतळाजवळच्या तुरुंगात लिबियाचे राजकीय विरोधक, कोणावर धर्म सोडल्याचा संशय असलेले आणि आफ्रिकेतून आलेले स्थलांतरित हे सगळे एकाच भिंतीआड होते.

आता त्या दिवसांतल्या एका निर्णयाकडे वळतो, ज्याची चर्चा फार होत नाही. मे २०१२मध्ये लिबियाच्या संक्रमणकालीन राजवटीने ३८ क्रमांकाचा कायदा केला. १७ फेब्रुवारीच्या क्रांतीसाठी, म्हणजे २०११च्या उठावासाठी, जे लष्करी, सुरक्षाविषयक किंवा नागरी कृत्य आवश्यक होते, त्याबद्दल शिक्षा नाही, असे त्यात म्हटले होते. विजेत्यांनी विजेत्यांना दिलेली ही माफी. तावर्गा जाळणाऱ्यांना तिने छत्र दिले. त्याच सुमारास क्रांतिकारकांच्या तुकड्या सरकारी पगारपत्रकावर आल्या. हत्यार तेच, सरदार तोच, तुरुंग तोच, फक्त महिन्याला पगार सुरू. देशाचे तेल विकून येणारा पैसा मध्यवर्ती बँकेत जमतो आणि तिथून अशा माणसांचे पगार निघतात. ज्यांनी नागरिकांना वेठीला धरले त्यांना सरकारने बरखास्त केले नाही, उलट पोसले.

याची किंमत तरहुनाने मोजली. त्रिपोलीच्या आग्नेयेला असलेल्या या गावावर २०१५ ते २०२० या काळात अल-कानी कुटुंबातल्या भावांच्या 'कानियात' टोळीची सत्ता होती. आधी ही टोळी त्रिपोली सरकारच्या छत्राखाली होती, २०१९मध्ये हफ्तारच्या गोटात गेली. गावात विरोध करणारा, श्रीमंत असणारा, चुकीच्या घरात जन्मलेला माणूस उचलला जाई. शेतकी पोलिसांच्या आवारात त्यांनी तुरुंग केला होता. त्यात कपाटाएवढ्या कोठड्या होत्या, कैद्याला अंग आखडून बसावे लागे, आणि वर विस्तव पेटवून त्या भट्टीसारख्या तापवल्या जात, असे सुटून आलेल्यांनी सांगितले. जून २०२०मध्ये टोळी पळाली आणि गावाबाहेरच्या जमिनीत सामूहिक कबरी सापडू लागल्या. पहिल्या दोन वर्षांतच अडीचशेच्या आसपास मृतदेह निघाले. काहींचे हात मागे बांधलेले होते, डोळ्यांवर पट्ट्या होत्या. हरवलेल्यांची यादी त्याहून मोठी होती.

'आधी शांतता, न्याय नंतर' असे म्हणणाऱ्यांना मी तरहुनाकडे बोट दाखवीन. हा युक्तिवाद वाईट हेतूने केला जातो असे नाही. हातात बंदूक असलेल्याला तुरुंगाची भीती घातली तर तो तहाच्या टेबलावर येणारच कसा, हा खरा प्रश्न आहे. पण लिबियात या मार्गाचा पुरेसा प्रयोग झाला आहे. एकच सरकार बनवण्यासाठी डिसेंबर २०१५चा स्खिरात करार झाला, जानेवारी २०२०ची बर्लिन परिषद झाली, ऑक्टोबर २०२०चा युद्धविराम झाला. प्रत्येक वेळी न्याय पुढे ढकलला गेला. पहिल्या करारानंतर साडेचार वर्षे कानियात माणसे पुरत राहिली. डिसेंबर २०२१मध्ये ठरलेल्या निवडणुका झाल्याच नाहीत. ज्यांना टेबलावर बोलावण्यासाठी न्याय बाजूला ठेवला, त्यांनी शांतता दिली नाही आणि सत्ताही सोडली नाही.

पुढे हफ्तारच्या ताब्यात गेलेल्या पूर्व भागातही चित्र वेगळे नव्हते. बेंगाझीत मानवाधिकार वकील सलवा बुगाइगीस यांना २५ जून २०१४ला, मतदान करून आल्यावर, घरात शिरून मारले. खासदार सिहाम सर्गिवा यांनी त्रिपोलीवरच्या चढाईवर टीका केली होती. जुलै २०१९मध्ये त्यांना घरातून उचलून नेले, आणि त्या परतल्या नाहीत. वकील हनान अल-बरासी यांना नोव्हेंबर २०२०मध्ये भर दिवसा, भर रस्त्यात गोळ्या घातल्या. एका बाजूला 'इस्लामी टोळ्यांचे राज्य' आणि दुसऱ्या बाजूला 'लष्कराची शिस्त' अशी विभागणी परदेशी राजधान्यांमध्ये फार आवडीने केली जाते. या तीन स्त्रियांपुढे ती टिकत नाही.

परक्यांनीही या युद्धात मनसोक्त हात धुऊन घेतले. सुरक्षा परिषदेने फेब्रुवारी २०११मध्येच ठराव क्रमांक १९७० करून शस्त्रबंदी घातली होती. तरी हफ्तारला संयुक्त अरब अमिरातीची मदत मिळाली, रशियाच्या वॅग्नर या भाडोत्री सैनिकांच्या गटाची माणसे मिळाली. त्रिपोलीला तुर्कस्तानची ड्रोन आणि सीरियातून आणलेले लढवय्ये मिळाले. ही बंदी थट्टेचा विषय झाली आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधी स्टेफनी विल्यम्स यांनी २०२०मध्ये उघड सांगितले. जानेवारी २०२०मध्ये त्रिपोलीच्या लष्करी विद्यालयावर ड्रोनहल्ला होऊन २६ विद्यार्थी मेले. वॅग्नरची माणसे दक्षिण त्रिपोलीतून मागे सरली ती घरांमध्ये सुरुंग पेरून. घरी परतलेले नागरिक दार उघडताना मेले.

स्थलांतरितांचा बाजार मात्र युद्ध थांबल्यावरही थांबला नाही, कारण त्याला लढाईची गरज नाही. त्याला फक्त कोंडवाडे हवेत आणि कोणी विचारणारे नको. २०१०च्या १९ क्रमांकाच्या कायद्याने बेकायदा प्रवेश हा गुन्हा आहे आणि त्याला कैद व सक्तमजुरी आहे. १९५१च्या निर्वासित करारावर लिबियाची सही नाही. त्यामुळे इरिट्रियाच्या सक्तीच्या लष्करभरतीतून पळालेला तरुण आणि सुदानच्या यादवीतून आलेली विधवा कायद्यापुढे घुसखोरच. त्यांना पकडायला कारण लागत नाही, सोडायला पैसे लागतात.

बनी वलीद या गावाचे नाव पूर्व आफ्रिकेच्या घराघरांत माहीत आहे. तिथल्या गोदामांत तस्कर माणसे कोंडतात. घरी फोन लावला जातो आणि फोन चालू असताना माणसाला मारले जाते, वितळलेले प्लास्टिक पाठीवर ओतले जाते. आईला लेकाचा आवाज ऐकू जातो. मग जमीन विकली जाते, गुरे विकली जातात, गावात वर्गणी निघते आणि हवाल्याने रक्कम पोचते. एकदा पैसे मिळाले की काहींना सोडतात, काहींना दुसऱ्या टोळीला विकतात आणि फोन पुन्हा वाजतो. सरकारी केंद्रांतल्या वागणुकीचे वर्णनही फार वेगळे नाही: पैसे घेऊन सुटका, बाहेरच्या कामावर फुकटात जुंपणे, स्त्रियांवर अत्याचार. झिंतानच्या केंद्रात २०१८-१९मध्ये वीसहून अधिक माणसे मेली, प्रामुख्याने क्षयाने. तो बरा होणारा आजार आहे.

दक्षिण आशियाला हे दूरचे वाटू नये. २७ मे २०२०च्या सुमारास त्रिपोलीच्या दक्षिणेला मिझदा गावात ३० स्थलांतरितांना एकाच ठिकाणी गोळ्या घालून मारले. त्यांतले २६ बांगलादेशी होते. खंडणीसाठी कोंडलेल्यांनी उठाव केला, त्यात एक तस्कर मेला, आणि त्याच्या नातेवाइकांनी असा सूड घेतला. जून २०२३मध्ये पूर्व लिबियातल्या तोब्रुकहून निघालेली मासेमारीची बोट ग्रीसच्या किनाऱ्याजवळ बुडाली. तिच्यावर सुमारे ७५० माणसे होती, वाचली १०४. मेलेल्यांत पाकिस्तानी मोठ्या संख्येने होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंजाब आणि हरियाणाचे १७ तरुण लिबियाच्या कैदेतून सुटून भारतात परतले. दलालांनी त्यांना इटलीत नोकरी देतो म्हणून नेले होते आणि झुवारा शहरात त्यांना सशस्त्र लोकांनी डांबले होते.

आता युरोपकडे येऊ, कारण माझ्या मते जबाबदारीचा सर्वांत टाळला जाणारा भाग तिथे आहे. २ फेब्रुवारी २०१७ला इटलीने त्रिपोली सरकारशी सामंजस्य करार केला. स्थलांतर रोखायचे, त्यासाठी लिबियाच्या तटरक्षक दलाला बोटी, पैसा, प्रशिक्षण द्यायचे. दर तीन वर्षांनी हा करार आपोआप पुढे सरकतो. २०१८मध्ये लिबियाचे स्वतंत्र शोध-बचाव क्षेत्र आंतरराष्ट्रीय नोंदीत आले आणि समुद्राचा मोठा पट्टा त्याच दलाच्या हवाली झाला. २०२१ या एका वर्षात ३२ हजारांहून अधिक माणसांना समुद्रातून उचलून लिबियाच्या किनाऱ्यावर परत आणले गेले. वरून टेहळणी करून बोटी कुठे आहेत हे सांगणारी विमाने युरोपीय सीमासंस्थेची.

ही वाट का काढली गेली, हे समजून घ्यायला २०१२चा एक निकाल पाहावा लागतो. इटलीने २००९मध्ये सोमाली आणि इरिट्रियन लोकांना समुद्रात उचलून स्वतःच्या जहाजांतून लिबियात नेऊन सोडले होते. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हिर्सी खटल्यात निर्णय दिला की छळाची शक्यता आहे अशा ठिकाणी माणसे परत पाठवणे बेकायदा आहे. इटलीच्या जहाजांना ते काम करता येईना. मग काम तेच राहिले, जहाजावरचा झेंडा बदलला.

इटलीच्या बाजूने एक गंभीर युक्तिवाद केला जातो आणि तो टाळणे बरोबर नाही. २०१६मध्ये १ लाख ८१ हजार लोक समुद्रमार्गे इटलीत आले. २०१८मध्ये हा आकडा २३ हजारांवर आला. कमी लोक निघाले म्हणून कमी लोक बुडाले, निदान एकूण आकड्यात. तेव्हा अडवणे म्हणजेच वाचवणे, असे म्हटले जाते. पण संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या उच्चायुक्तालयाच्या हिशेबात लिबियाहून युरोपला पोचणाऱ्या दर ३८ जणांमागे २०१७मध्ये एक मेला, तर २०१८मध्ये दर १४ जणांमागे एक. समुद्र अधिक जीवघेणा झाला, कारण वाचवणारी जहाजे हाकलली गेली होती. आणि परत नेलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे या हिशेबात धरलेलेच नाही. ताजूराचे ५३ मृत समुद्रात बुडालेले नाहीत, म्हणून ते 'वाचलेले' कसे ठरतात? देशाला आपली सीमा राखण्याचा हक्क आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. पण सीमा राखण्याचे काम छळछावणीच्या मालकाला कंत्राटाने देता येत नाही.

तो मालक कोण, हे माहीत नव्हते असेही नाही. झाविया बंदरातल्या तटरक्षक तुकडीचा प्रमुख अब्द अल-रहमान मिलाद, ज्याला सगळे 'बीजा' म्हणत, मे २०१७मध्ये सिसिलीतल्या एका सरकारी बैठकीला हजर होता. जून २०१८मध्ये सुरक्षा परिषदेने त्याच्यावर माणसांच्या तस्करीबद्दल निर्बंध घातले. २०२०मध्ये अटक झाली, काही महिन्यांत पुराव्याअभावी सुटका झाली, मग नौदलाच्या प्रबोधिनीचे पद मिळाले. २०२४मध्ये त्याला कोणीतरी गोळ्या घातल्या. त्याच्यासोबत कित्येक प्रश्नांची उत्तरेही गेली, आणि अशा मरणाला मी न्याय म्हणणार नाही. ऑगस्ट २०२५मध्ये तर लिबियाच्या एका गस्ती नौकेने बचावाचे काम करणाऱ्या 'ओशन व्हायकिंग' जहाजावर बराच वेळ गोळीबार केला. जहाजावर समुद्रातून उचललेले ८७ लोक होते. गोळ्या झाडणारी नौका इटलीने दिलेली होती.

संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने मार्च २०२३च्या अंतिम अहवालात नोंदवले की लिबियाच्या नागरिकांवर आणि स्थलांतरितांवर मानवतेविरुद्धचे गुन्हे झाले आहेत असे मानायला सबळ कारण आहे. स्थलांतरित स्त्रियांना लैंगिक गुलामगिरीत ठेवल्याचाही त्यात उल्लेख आहे. युरोपने गुन्हे केले असे आम्ही म्हणत नाही, पण त्याच्या मदतीने गुन्ह्यांना हातभार लागला, असे पथकाने स्पष्ट केले. त्यानंतर मानवाधिकार परिषदेने त्या पथकाची मुदतच वाढवली नाही. मला यात फार मोठा दोष दिसतो. पुरावा गोळा होऊ लागला तेव्हाच तो गोळा करणारे हात काढून घेतले गेले.

मिटिगा तुरुंगाच्या दोन अधिकाऱ्यांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवली की इच्छा असणे आणि नसणे यांतला फरक कळतो. उसामा अलमसरी नजीम याच्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १८ जानेवारी २०२५ला वॉरंट काढले: खून, छळ, बलात्कार. दुसऱ्याच दिवशी तो इटलीत ट्यूरिनला सापडला. दोन दिवसांत, कामकाजातली त्रुटी दाखवून, त्याला सोडले आणि सरकारी विमानाने त्रिपोलीला पोचवले. इटलीने आपले कर्तव्य पाळले नाही, असे न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये ठरवले. त्याच तुरुंगाचा दुसरा वरिष्ठ अधिकारी खालेद अल-हिश्री जुलै २०२५मध्ये जर्मनीत पकडला गेला. जर्मनीने त्याला हेगला सोपवले. लिबियाचे प्रकरण २०११मध्ये न्यायालयाकडे गेले होते. या प्रकरणात हेगच्या कोठडीत पोचलेला हा पहिला माणूस. दोन्ही देश युरोपीय संघाचे सदस्य, दोघांनाही तोच कायदा लागू.

लिबियाने २०२७अखेरपर्यंतच्या गुन्ह्यांसाठी हेगच्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला आहे. म्हणजे दार उघडे आहे, आणि साक्षीदारांचीही वाण नाही. ते इटलीच्या लँपेदुझा बेटाच्या धक्क्यावर उतरतात, अंगावर व्रण घेऊन, आणि त्यांना विचारले जाते ते बोटीचे सुकाणू कोणी धरले होते एवढेच. तुला कुठे कोंडले होते, दारावर कोण होते, पैसे कोणाला दिले, हे प्रत्येक बंदरावर विचारले आणि लिहून घेतले गेले पाहिजे. त्यातून काय निष्पन्न होते याचे उदाहरण इटलीतच आहे. सप्टेंबर २०१६मध्ये मिलानच्या मुख्य स्थानकाजवळ काही सोमाली निर्वासितांनी एका माणसाला ओळखले. बनी वलीदच्या कोंडवाड्यात त्यानेच त्यांचा छळ केला होता. त्यांनी पोलिसांना सांगितले, एकामागून एक साक्षी झाल्या, आणि ऑक्टोबर २०१७मध्ये मिलानच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. हा निकाल द्यायला ना लिबियात शांतता यावी लागली, ना तिथे नवे सरकार. इटलीने हेच काम गणवेशातल्या आरोपींबाबत केले पाहिजे, आणि तोवर २०१७च्या कराराखालची एकही नवी बोट त्रिपोलीला जाता कामा नये.